औषधस्मरण अ‍ॅप

औषधस्मरण अ‍ॅप म्हणजे ठरलेली औषधे ठरलेल्या वेळी व ठरलेल्या मात्रेत घेण्यास रुग्णाला साहाय्य करणारे मोबाईलवरील उपयोजन होय. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, कंपवात अशा दीर्घकालीन आजारांत अनेक औषधे एकाच वेळी चालू असतात व त्यांचे वेळापत्रक ध्यानात ठेवणे कठीण जाते. अशा अ‍ॅपच्या रचनेत गजर वाजविणे हा सर्वांत सोपा भाग असून, डॉक्टरांच्या सूचनेचा अर्थ अचूक नोंदवून घेणे हा सर्वांत अवघड भाग आहे.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांपैकी सरासरी निम्मेच सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. इस्राएलमधील ओमरी व रोटेम शोर या बंधूंनी २०१२ मध्ये मेडिसेफ हे अ‍ॅप सुरू केले. त्यांच्या मधुमेही वडिलांनी इन्सुलिन घेतल्याचे विसरून ते पुन्हा टोचून घेतले, या प्रसंगातून त्याची कल्पना पुढे आली. औषध घ्यायचे विसरणे जितके घातक, तितकेच घेतल्याचे विसरणेही घातक ठरू शकते. म्हणून अशा अ‍ॅपमध्ये 'घेतले' ही नोंद गजराइतकीच महत्त्वाची असते. अ‍ॅपल कंपनीने २०२२ मध्ये आयओएस १६ पासून ही सोय आयफोनच्या आरोग्यविषयक अ‍ॅपमध्येच दिली.

वेळापत्रकाची नोंद

भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर '१-०-१' अशी खूण असते. तिचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक असा होतो. ही खूण घड्याळाशी नव्हे, तर बहुधा जेवणाशी बांधलेली असते. अ‍ॅप मात्र तास व मिनिटे विचारते. एकादशीचा उपवास किंवा रमजानचा रोजा असला, की 'जेवणानंतर' या शब्दाचा अर्थच बदलतो. मधुमेहाच्या काही गोळ्या जेवण न करता घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, त्यामुळे ही अडचण किरकोळ समजता येत नाही.

इतर औषधांचे नियम याहून निराळे आहेत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते आणि तिच्यात व कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत सुमारे चार तासांचे अंतर ठेवावे लागते. कंपवातावरील लेव्होडोपाच्या शोषणात प्रथिनयुक्त आहार अडथळा आणतो. प्रेडनिसोलोनची मात्रा बहुधा टप्प्याटप्प्याने उतरवतात, तर वॉरफॅरिनची मात्रा रक्ततपासणीनुसार बदलते. केवळ औषधाचे नाव, वेळ व संख्या एवढेच रकाने असलेले अ‍ॅप येथे अपुरे पडते.

सर्वांत गंभीर उदाहरण मेथोट्रेक्सेटचे आहे. आमवाताच्या उपचारात हे औषध आठवड्यातून एकदाच देतात. ते चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेचे कार्य मंदावते आणि रुग्ण दगावल्याच्या घटनाही घडल्या आहेत. अ‍ॅपमध्ये 'रोज' हा पर्याय आधीच निवडलेला असेल आणि वापरणाऱ्याने तो तसाच पुढे नेला, तर अ‍ॅपच ही चूक दर दिवशी नेमाने करवून घेईल. म्हणून अशा औषधासाठी वाराचे नाव स्वतंत्रपणे विचारून ते पुन्हा पडताळून घेणे आवश्यक ठरते.

चुकलेली मात्रा

मात्रा चुकल्यावर काय करावे, याचे उत्तर प्रत्येक औषधागणिक वेगळे असते. वॉरफॅरिनची चुकलेली मात्रा त्याच दिवशी आठवल्यास घेतात, परंतु दुसऱ्या दिवशी दुप्पट घेत नाहीत. अ‍ॅपने याबाबत स्वतः निर्णय देण्याऐवजी डॉक्टर किंवा औषधनिर्मात्याची सूचना दाखविणे अधिक सुरक्षित होय.

तांत्रिक मर्यादा

आयफोनवर एका अ‍ॅपला एका वेळी ६४ च स्थानिक सूचना आगाऊ लावून ठेवता येतात. प्रत्येक मात्रेची सूचना स्वतंत्र लावली आणि दिवसाला दहा मात्रा असल्या, तर अ‍ॅप न उघडल्यास सातव्या दिवशी गजर थांबतो. अँड्रॉइडवर आवृत्ती १२ पासून अचूक वेळेच्या गजरासाठी वेगळी परवानगी आहे. शिवाय बॅटरी वाचविणाऱ्या व्यवस्थेमुळे सूचना उशिरा येऊ शकते. इंटरनेट नसतानाही गजर वाजला पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

साध्या फोनवरील पर्याय

भारतातील क्षयरुग्णांसाठी वापरलेल्या ९९डॉट्स या पद्धतीत स्मार्टफोन लागत नाही. गोळ्यांच्या पाकिटाला खास आवरण असते. गोळी काढली की तिच्यामागील दूरध्वनी क्रमांक दिसतो व रुग्ण त्यावर निःशुल्क कॉल करतो. पुढचा क्रमांक आधी ठाऊक नसल्याने गोळी काढल्याची खात्री पटते, मात्र ती गिळली की नाही हे त्यावरून कळत नाही.

गोपनीयता

औषधांच्या यादीवरून आजार ओळखता येतो. एचआयव्ही किंवा मनोविकारावरील औषधाचे नाव फोनच्या बंद पडद्यावर झळकल्यास रुग्णाची अडचण होते. त्यामुळे सूचनेत औषधाचे नाव न दाखविता 'सकाळचे औषध' एवढाच मजकूर ठेवण्याची सोय काही अ‍ॅपमध्ये असते.