ठासणीचा बार

काडतूस विकत घेणं आमच्या कोकणातल्या शेतकऱ्याला परवडत नसे. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. १९५९च्या शस्त्र कायद्यात तशी तरतूदच आहे. भात पोटरीला आलं की रानडुकरांसाठी पडवीत बार भरला जाई. नळीत दारू, वर नारळाचा काथ्या, मग शिशाचे छर्रे, पुन्हा काथ्या. सगळं गजानं ठासायचं. टोपी शेतावर गेल्यावरच चढवायची.

डुक्कर नाही आलं, तर भरलेला बार फुकट उडवायचा कोणी? आजोबा म्हणत, “असू दे, उद्या लागेल.” बंदूक तशीच भरलेली खुंटीला लागे. टोप्या मात्र आजी पदराच्या गाठीत बांधून झोपे. आजोबांनी पैसा वाचवला खरा, पण आम्ही पोरं वाचलो ती त्या गाठीमुळे.