स्पोक, नट आणि मोडलेली हाडं: कुर्गानच्या डॉक्टरची गोष्ट

मागचे दोन भाग आले नाहीत, कारण पावसात सायकल घसरली आणि माझी उजवी नडगी मोडली. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. पण तिसऱ्या एक्स-रेमध्येही हाडातली फट तशीच. डॉक्टर म्हणाले, "अजून दीड महिना बघू. नाहीच जुळलं तर रिंगचा विचार करू."

रिंग म्हणजे काय हे घरी येऊन शोधलं. पायाभोवती लोखंडी कडी, त्यातून आरपार गेलेल्या तारा. आईने फोटो बघितला आणि माझा मोबाईल उलटा करून ठेवला. मी मात्र शोधत राहिलो, आणि सापडला गावरील इलिझारोव्ह.

हा माणूस १९२१ साली जन्मला, अझरबैजानमधल्या कुसारला वाढला. १९४४ मध्ये डॉक्टर झाला आणि पश्चिम सायबेरियातल्या कुर्गान भागात खेड्यातला डॉक्टर म्हणून गेला. म्हणजे सर्दी-खोकल्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं एकट्याने. पुढे तो कुर्गान शहरात आला. महायुद्ध नुकतंच संपलेलं. हातपाय मोडलेले, हाडं न जुळलेले सैनिक महिनोन् महिने प्लॅस्टरमध्ये पडून. प्लॅस्टरचा प्रॉब्लेम असा, की हाड जुळेपर्यंत सांधे आखडतात, स्नायू झिजतात. (हे मला आता कुणी समजावून सांगायची गरज नाही.)

इलिझारोव्हने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जे बनवलं, ते सायकलवाल्याला पटकन कळेल. स्पोक किती बारीक असतो! सैल असेल तर हाताने वाकतो. पण ताणून बसवला की तसल्याच स्पोकांच्या जोरावर चाक अख्खा माणूस पेलतं. इलिझारोव्हने बारीक तारा हाडातून आरपार घातल्या, दोन्ही टोकं ताणून कड्याला घट्ट केली आणि वरची-खालची कडी आटे असलेल्या दांड्यांनी जोडली. हाड हलत नाही, पण रोगी मात्र उभा राहून पायावर भार देऊ शकतो. सुरुवातीला त्याने खरोखरच सायकलचे स्पोक वापरले असं सांगतात.

खरी गंमत पुढे आहे. गोष्ट अशी सांगतात, की एका रोग्याने फट आवळायच्या ऐवजी नट उलटे फिरवले. फट वाढली, आणि त्या फटीत नवं हाड तयार होताना दिसलं. किस्सा जरा जास्तच नीटनेटका आहे, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही. नंतरचं काम मात्र किश्श्यावर चालणारं नव्हतं. त्यासाठी वर्षानुवर्षं प्रयोग लागले. त्यातून आकडा ठरला: दिवसाला १ मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. घाई केली तर फटीत हाड धरत नाही, फार हळू गेलं तर ते वेळेआधीच जुळून बसतं. ५ सेंटीमीटर पाय वाढवायचा तर ५० दिवस नुसते नट फिरवायचे, आणि नंतर ते कोवळं हाड पक्कं होईपर्यंत आणखी काही महिने. तारांच्या जागी जंतुसंसर्ग होतो, दुखतंही. जादू वगैरे काही नाही.

मॉस्कोतले मोठे प्राध्यापक बराच काळ नाकं मुरडत राहिले. चित्र पालटलं ते व्हालेरी ब्रुमेलमुळे. उंच उडीत २.२८ मीटरचा जागतिक विक्रम, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णपदक, आणि १९६५ मध्ये मोटारसायकल अपघातात पायाचा चुराडा. एकामागून एक ऑपरेशनं झाली, पाय आखूडच राहिला. १९६८ मध्ये तो कुर्गानला गेला. बरा झाल्यावर त्याने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली! १९७१ मध्ये कुर्गानला स्वतंत्र संस्था उभी राहिली.

१९७३ मध्ये या डॉक्टरवरून प्रेरित सिनेमाही आला, 'डॉक्टर कालिनिकोवाचा प्रत्येक दिवस'. दिग्दर्शक व्हिक्टर तितोव्ह. डॉक्टरला बाई केलंय, भूमिका इया साव्हिनाची. पाय उशीवर ठेवून, मोडक्यातोडक्या सबटायटल्सवर मी तो बघितला. आपल्याकडच्या डॉक्टरपटांत ऑपरेशन थिएटरबाहेरचा लाल दिवा विझला की गोष्ट संपते. इथे नावातच 'प्रत्येक दिवस' आहे. आणि बरोबरच आहे, या उपचारात क्लायमॅक्सच नाही. रोज चार वेळा पाव मिलिमीटर, यावर पार्श्वसंगीत काय देणार? मला मात्र ते बघून बरं वाटलं. दीड महिना हा आकडा तेव्हापासून जरा कमी टोचतो.

सोव्हिएत संघाबाहेर हे पोचलं एका गिर्यारोहकामुळे. इटलीचा कार्लो मॉरी, ज्याने १९५८ मध्ये व्हाल्टर बोनातीबरोबर गाशेरब्रुम ४ वर पहिली चढाई केली. स्कीइंगमध्ये मोडलेला त्याचा पाय कधी नीट झालाच नव्हता. थॉर हेयरडालच्या 'रा' नौकेवर त्याच्यासोबत युरी सेन्केविच नावाचा सोव्हिएत डॉक्टर होता, त्याच्यामार्फत तो १९८० मध्ये कुर्गानला पोचला. परतला तेव्हा त्याचा पाय बघून इटलीतले सर्जन चक्रावले. पुढच्याच वर्षी त्यांनी इलिझारोव्हला बेलाजिओच्या परिषदेत बोलावलं. तेव्हा तो साठीचा होता, म्हणजे पहिली रिंग बनवून तीसेक वर्षं झाली होती.

आज ही रिंग आपल्याकडेही लावतात. अकोल्यात तर या पद्धतीचं नावाजलेलं केंद्र आहे. तुमच्या घरात कुणाला लावली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नट कोण फिरवायचं, स्वतः की घरचे, एवढं नक्की सांगा. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, ती फिरवणार नाही.