खोताची वही

दापोली तालुक्यात तलाठी म्हणून नोकरी करताना मी मोडी शिकलो, ते खोतांच्या वह्या वाचायच्या म्हणून. माझे आजोबा कूळ होते. आमच्या घरात जमिनीचा एकही जुना कागद नव्हता. आजोबांनी काय पेरलं, किती घातलं, किती थकलं, हे सगळं दुसऱ्याच्या माजघरातल्या पेटीत होतं. ते आपल्या डोळ्यांनी वाचायचं, ही माझी फार दिवसांची ओढ.

रत्नागिरी जिल्ह्यातला खोत अर्धा शेतकरी आणि अर्धा सरकारी माणूस. गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी त्याची, आणि कुळांकडून त्यापेक्षा जे जास्त येई तो त्याचा खोतफायदा. १८१८ साली इंग्रजी अंमल आला तेव्हा ही रीत जुनीच होती. वही ठेवल्यावाचून असा कारभार चालणं शक्यच नव्हतं.

भात तयार होत आलं की खोत किंवा त्याचा कारभारी बांधावर उभा राहून पिकाचा अंदाज करी. ती अभावणी. वाऱ्याने लोंब्या झडल्या, डुकरांनी शेत तुडवलं, हे कुळाने सांगायचं आणि आकडा खोताने ठरवायचा. मग वहीत कुळाचं नाव, ठिकाणाचं नाव, मण, पायली आणि शेवटी बाकी. अर्धेलीवाल्याने निम्मं भात घालायचं. वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीला बहुधा तिसरा हिस्सा. धारेकरी मात्र नुसता सारा भरून मोकळा, दुपटकरी त्याच्या दुप्पट देई. या सगळ्यावर वेठ होतीच, म्हणजे पेरणीच्या ऐन घाईत स्वतःचं शेत तसंच टाकून खोताच्या शेतात नांगर न्यायचा. मी पाहिलेल्या वह्यांत वेठीचा दाम कुठेच मांडलेला नाही. दाम द्यायचाच नव्हता, तर मांडणार कशाला?

याच तालुक्यातल्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांच्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्याशी माझं भांडणही आहे. १८३३चा जन्म, एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, सरकारी नोकरी, मग हायकोर्टात वकिली. १८६४ साली ‘नेटिव्ह ओपिनियन’ काढलं, मुंबईच्या कायदेमंडळात बसले, १८८४ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. एवढ्या व्यापातही त्यांनी मुरुड गाव कसं वसलं याची हकिकत सांगणाऱ्या जुन्या कागदावर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात लेख लिहिला. आपल्या गावचा कागद इतक्या जिव्हाळ्याने वाचणारी माणसं तेव्हा कितीशी होती? पण खोतीचा प्रश्न आला की हेच रावसाहेब खोतांच्या बाजूने उभे राहत. गावाचा कागद त्यांनी जपला, पण गाव कसणाऱ्याचा हक्क त्यांना तेवढा मोठा वाटला नाही, असं माझं मत आहे.

१८८० साली खोती कायदा झाला. १८४५-४६ च्या आधीपासून सतत जमीन कसणाऱ्या कुळाला त्यात कायम हक्क मिळाला. म्हणजे पस्तीस वर्षांची वहिवाट शाबीत करायची. कुळाकडे पुरावा काय? बापाने लावलेला फणस, गडग्याचा दगड, शेजाऱ्याची साक्ष. लेखी पुरावा मात्र ज्याच्याशी वाद त्याच्याच घरात. कायदा पुष्कळ सावध होता, पण हे असमान वजन काही त्याने हलकं झालं नाही.

पुढे हा कायदा बदलायला निघाला तेव्हा टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला. त्यांचं घराणं चिखलगावच्या खोतांचं. आणि खोती रद्द करण्याचं विधेयक १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत मांडलं ते डॉ. आंबेडकरांनी. त्यांचं मूळ गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि बालपणाची काही वर्षं दापोलीतच गेलेली. मुरुड, चिखलगाव, आंबडवे ही तिन्ही गावं एका दिवसात पाहून होतात. खोती शेवटी १९४९ च्या कायद्याने गेली.

आता त्या वह्यांना वाळवी लागते आहे. काही घरांत लाजेपोटी, काही घरांत भीतीपोटी त्या दाखवत नाहीत, कोणी बंबात घालतात. माझी हात जोडून विनंती आहे की तसं करू नका. वही खोताने लिहिली असली तरी तिच्यातली बहुतेक नावं कुळांची आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या त्या शेतकऱ्यांनी स्वतःची रोजनिशी ठेवली नाही, ठेवू शकले नाहीत. कोणत्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि कुणाची बाकी फुगली, कुठलं घर मुंबईच्या गिरणीकडे वळलं, हे आज पडताळायला दुसरं साधन फारसं उरलेलं नाही. वही द्यायची नसेल तर देऊ नका, पण पानांचे फोटो तरी काढू द्या. मोडी वाचून द्यायला मी येईन.