खापरावरची बोटे

भांड्यावर रंग कसा चढतो, ते मी कुंभारवाड्यात पाहिले. गेरू पाण्यात कालवायचा, रेव तळाशी बसू द्यायची आणि वरचा पातळ लेप कच्च्या भांड्यावर द्यायचा. भाजताना मोकळी हवा मिळाली की मातीतले लोह लाल होते. हवा कोंडली की काळे पडते.

ही विद्या जुनी आहे. आंबेगावच्या डोंगरात उगम पावणारी घोडनदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावला जाते. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, लाल अंगावर काळी नक्षी काढलेली जोर्वे भांडी निघाली. ती चाकावरची, सोबत हाताने घडवलेली जाडीभरडी भांडीही होती. नक्षीचे कौतुक पुष्कळ झाले. पण कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती, याकडे किती जणांचे लक्ष गेले? एवढ्यावरून तेव्हा जात होती असे मी म्हणणार नाही; पुरावा तेवढे सांगत नाही.

जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचे नाव दगडात कोरलेले आहे. श्रमाला तेव्हा नाव होते. पुढे पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले. माती तीच होती. विटाळ माणसांनी तिला लावला.

मित्रांनो, संग्रहालयात खापर पाहाल तेव्हा नक्षीबरोबर लेपात उमटलेली बोटेही पाहा. इतिहास त्या बोटांचाही आहे.