मेणवलीचा वाडा आणि आपल्या गावची जुनी घरे

ग्रामदैवताच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी समितीने मजकडे गावच्या जुन्या वास्तूंविषयी चार शब्द मागितले. मी इतिहास शिकलेला माणूस नाही, शिक्षण एस. एस. सी. पर्यंत, काम तालुका कचेरीत कारकुनी. परंतु घराजमिनींचे कागद रोज हातांखालून जातात, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

वाईपासून कोसभरावर कृष्णाकाठी मेणवली आहे. हा गाव नाना फडणीस यांस १७६८ साली औंधचे भवानराव प्रतिनिधी व साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून मिळाला. नाना मूळचे कोकणातील वेळासच्या भानू घराण्यातले. त्यांनी येथे वस्ती वसविली, सहा चौकांचा वाडा बांधला, पाठीमागे नदीस घाट बांधला आणि घाटावर मेणेश्वराचे व विष्णूचे अशी दोन देवळे उभी केली. घर, पाणी व देव यांची अशी जोडणी पूर्वीचे जाणते लोक मुद्दाम करीत. चौकातून उजेड येई, तापलेली हवा वर निघून जाई आणि ओसरीत वैशाखातही गारवा राही. आता पंखा लावूनही तो मिळत नाही! घाटावरील मोठी घंटा १७०७ सालची, पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर ज्या घंटा इकडे आल्या, त्यांपैकी ती एक होय.

१८०० साली नाना वारले. दुसऱ्या बाजीरावांनी त्यांची मालमत्ता जप्त केली. पुढे मेणवली त्यांच्या पत्नी जिऊबाई यांस परत मिळाली. वाडा आजही वंशजांच्या खासगी मालकीचा आहे आणि उभा आहे. पुण्याचा शनिवारवाडा प्रत्यक्ष पेशव्यांचा, पण १८२८ च्या आगीनंतर त्याचा तट, दरवाजे व जोतीच काय ती उरली. मेणवलीत मात्र घरासोबत कागदही टिकले. पुढे ते रावबहादूर पारसनीसांच्या संग्रहात गेले व मेणवली दप्तर या नावाने अभ्यासकांस उपयोगी पडले.

आता आपल्या गावाकडे येऊ. गावठाणातील घरांची नोंद सात-बारावर नसते, ती ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते. तेथे जुन्या वाड्यापुढे मालकाचे नाव, ‘दगड, विटा, माती’ एवढे वर्णन व कराचा आकडा. सागवानी खांबावरची नक्षी किंवा परसातली दगडी विहीर कोणत्याही रकान्यात बसत नाही. त्यातून एका वाड्यावर दहा-बारा वारसांची नावे. कौल फुटले तर ते कोणी बदलायचे, याचा निर्णय होईपर्यंत दोन पावसाळे जातात आणि वासा कुजतो. माझ्या मते आपले वाडे गरिबीपेक्षा या वाटणीनेच जास्त पडले.

दुसरे कारण सिमेंट. माती-चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिला की आतला ओलावा कोंडतो, भिंतीत रोवलेली लाकडाची टोके कुजतात आणि गिलावा फुगून सुटतो. जुने गवंडी चुना घाणीत मळून वापरीत, तो याच कारणाने. शहरात स्थायिक झालेल्या देणगीदार मंडळींस विनंती की, गावातील घर दुरुस्त करताना चुन्याचे काम जाणणारा माणूस आधी शोधावा. खर्च थोडा अधिक येईल, ही गोष्ट लपवीत नाही.

शेताचेही तसेच. बांधावरची चिंच व आंबा वाटणीत पहिल्यांदा कुऱ्हाडीखाली येतात. झाडे तोडण्यास परवानगी लागण्याचा कायदा १९६४ सालचा आहे, तरी अर्ज बहुधा तोडून झाल्यावर येतो.

देवळाच्या नव्या आराखड्यात समोरचा पार काढून फरशी बसवावी व गाड्यांस जागा करावी, अशी सूचना आली आहे. सूचना करणारांचा हेतू चांगला आहे. तथापि पिंपळाची सावली गेली तर उन्हाळ्यातील यात्रेत फरशीवर पाय ठेवता येणार नाही, आणि गाड्यांस ओढ्यालगतची मोकळी जागा पुष्कळ आहे. जुन्या सभामंडपाचे घडीव चिरे सध्या देवळामागे रचून ठेवले आहेत. पाराची ढासळलेली कड बांधण्यास ते पुरतील असे गवंडी म्हणतात. चिऱ्यांच्या लिलावाचा विषय निघण्यापूर्वी समितीने ते एकदा मोजून घ्यावेत.