शिंदे, ताराबाई
(१८५०–१९१०). ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या निबंधाच्या लेखिका. जन्म बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क व सत्यशोधक समाजाचे सभासद [पहा : सत्यशोधक समाज].

सुरतच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला १८८१ मध्ये बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य करण्यात आली. पण वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीलाच दूषणे दिली. ताराबाईंचे पुस्तक हे त्याला उत्तर. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. स्त्रियांवर लादलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांतच कसा अधिक, हे त्या घरगुती, रोखठोक बोलीत दाखवतात. विधवाविवाहबंदी व पतिव्रताधर्मावरील हल्ला आजही धारदार वाटतो. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये (१८८५) त्यांची बाजू घेतली [पहा : फुले, जोतीराव]. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. विस्मृतीत गेलेला हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केला.