सुकाणू का अडखळते? गांधीबागेच्या गल्लीतून मोटारीच्या स्टिअरिंगचा इतिहास

१/ नागपूरच्या गांधीबागेतील कापडाच्या ठोक बाजारात मोटार घेऊन शिरणे ही चालकाची परीक्षाच असते. कापडाच्या गाठींनी लादलेल्या हातगाड्या, दुतर्फा उभी असलेली वाहने आणि पुढ्यात अरुंद वळण. वर्धा रोडवर निमूट धावलेली गाडी येथे अचानक हट्टी होते. स्टिअरिंग जड लागते, वळवले तर परत सरळ येत नाही. या साध्या तक्रारीमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. या थ्रेडमध्ये तो पाहू.

२/ प्रथम दोष नेमका ओळखू. जड स्टिअरिंग आणि अडखळणारे स्टिअरिंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जड स्टिअरिंग फिरवायला जोर लागतो. अडखळणारे स्टिअरिंग वळण संपल्यावर आपोआप मध्यावर येत नाही. हाताने ओढावे लागते आणि मग ते झटक्यात सुटते. पहिला दोष हात थकवतो. दुसरा भर वेगात जिवावर बेतू शकतो.

३/ आपल्या बैलगाडीला, म्हणजे विदर्भातल्या बंडीला, हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिला दोन चाके आणि एक आस. वळवण्याचे काम बैलांचे. अडचण चार चाकांची होती. युरोपातील घोडागाड्यांचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खुंटीवर फिरत असे. तीव्र वळणावर तो तिरपा झाला की गाडीचा आधार अरुंद होई आणि गाडी कलंडण्याची भीती असे.

४/ यावरचा उपाय मोटारीच्या कितीतरी आधी सुचला होता. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकात त्याचा विचार केला होता. म्युनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी तो स्वतंत्रपणे सिद्ध केला. १८१८ मध्ये लंडनमध्ये त्याचे पेटंट घेतले ते रुडॉल्फ अॅकरमन यांनी. हे गृहस्थ प्रसिद्ध चित्रप्रकाशक होते. शोध लांकेनस्पेर्गर यांचा, पण नाव राहिले अॅकरमन यांचे!

५/ कल्पना अशी: आस स्थिर ठेवायचा आणि प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्र खुंटीवर फिरवायचे. वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते, बाहेरचे मोठ्या. म्हणून आतल्या चाकाला अधिक कोनात वळावे लागते. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्या हे गणित सांभाळतात. गाडी स्थिर झाली, पण एका खुंटीच्या जागी अनेक सांधे आले. आणि सांधा आला म्हणजे घर्षण आले.

६/ कार्ल बेंझ यांची १८८६ ची मोटार तीन चाकांची होती, कारण चार चाकांच्या वळणाचा समाधानकारक उपाय तेव्हा त्यांच्या हाती नव्हता. तो त्यांनी १८९३ मध्ये पेटंट केला. आरंभीच्या बऱ्याच मोटारी होडीसारख्या दांड्याने वळवल्या जात. आपला ‘सुकाणू’ हा नौकेचा शब्द मोटारीला किती चपखल बसतो, पाहा. १८९४ च्या पॅरिस-रुआँ शर्यतीत अल्फ्रेड वाशराँ यांनी आपल्या पानहार्ड गाडीला गोल चाक लावले. ते मोटारीतले पहिले स्टिअरिंग व्हील मानले जाते.

७/ दांडा मागे का पडला? रस्त्यावरचा प्रत्येक धोंडा चालकाच्या मनगटाला हिसका देई. गोल चाकाखाली दात्यांची किंवा मळसूत्राची पेटी बसवता आली. मळसूत्र हाताचा जोर अनेक पटींनी वाढवते आणि रस्त्याचे हिसके बरेचसे अडवते. मोबदल्यात चाक अधिक वेळा फिरवावे लागते.

८/ आता कळीचा मुद्दा. वळणानंतर चाके आपोआप सरळ का होतात? ज्या खुंटीवर चाक वळते, तिला किंगपिन म्हणतात. ती किंचित मागे कललेली असते, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखी. त्यामुळे धावते चाक स्वतःच मध्यावर येऊ पाहते. ही ओढ फार मोठी नसते. सांध्यांतले घर्षण तिच्याहून मोठे झाले की स्टिअरिंग अडखळते. दोषाची सारी मीमांसा या एका वाक्यात सामावलेली आहे.

९/ भारतात मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ती बाळगणाऱ्या पहिल्या भारतीयांत जमशेटजी टाटा यांची गणना होते. त्यांचीच एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. गांधीबागेहून ती फार दूर नव्हती. कापसाच्या बंड्यांचे हे शहर पुढे मालमोटारींचे शहर झाले. देशाच्या मध्यावर असल्याने उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग येथेच एकमेकांना छेदतात.

१०/ स्वातंत्र्यानंतर दीर्घ काळ भारतीय रस्त्यांवर मोजक्याच मोटारी होत्या. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याची अॅम्बेसिडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची फियाट कुर्ल्यात बनत असे. तीच पुढे पद्मिनी झाली. तिसरी महिंद्रची जीप. अॅम्बेसिडरला सरळ दातेरी पट्टी, म्हणजे रॅक आणि पिनियन. फियाट आणि जीपला स्टिअरिंग बॉक्स.

११/ या गाड्यांचे एक व्रत होते: ग्रीसिंग. ठराविक अंतर चालले की गाडी रॅम्पवर घ्यायची आणि एकेका निपलला ग्रीसगन लावायची. जुने, काळे ग्रीस कडेने बाहेर पडेपर्यंत नवे भरायचे. ते काळे ग्रीस म्हणजे धूळ आणि झिजलेला धातू. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात ग्रीस पातळ होऊन गळते, त्यात धूळ मिसळली की त्याचा घासणारा लेप बनतो आणि पावसाळ्यात पाणी शिरून गंज धरतो. व्रत चुकले की किंगपिन अडलाच.

१२/ मग गाडी मिस्त्रीकडे जाई. त्याची तपासणी कोणत्याही इतिहासकाराने शिकावी अशी. आधी टायरची हवा पाहायची. मग पुढची चाके जॅकवर उचलून स्टिअरिंग फिरवायचे. हलके झाले, तर संशय टायर आणि भारावर; जडच राहिले, तर दोष आत. पुढे टाय-रॉड सोडवायचा आणि चाक वेगळे, पेटी वेगळी हलवून पाहायची. अडते तेथे दोष. एकेक साक्षीदार वेगळा काढून उलटतपासणी करण्याचाच हा प्रकार.

१३/ किंगपिन अडलेला असेल तर तो ठोकून काढत, नवे पितळी बुश बसवत आणि रीमर फिरवून ते नेमक्या मापाचे करत. बुश सैल राहिले तर चाक थरथरते, घट्ट बसले तर स्टिअरिंग पुन्हा अडखळते. सारे कौशल्य या केसभर अंतरात होते. नवा भाग बसवणे सोपे, त्याचे माप साधणे कठीण.

१४/ जड वाहनांची कथा निराळी. जुन्या एसटी बसचे आणि ट्रकचे स्टिअरिंग एवढे मोठे का असे? व्यास जितका मोठा, तितका हाताला लागणारा जोर कमी. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्येच तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग करून दाखवले होते. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ मध्ये क्रायस्लरने आणले. आपल्या बहुसंख्य चालकांनी मात्र त्यानंतरही कित्येक दशके खांद्यांच्या बळावरच बस आणि ट्रक वळवले.

१५/ पॉवर स्टिअरिंगने जोर वाचवला आणि दोषांची नवी यादी दिली: तेल कमी होणे, पंपाचा पट्टा घसरणे, नळी गळणे. दरम्यान डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. हलके नाक, रॅक आणि पिनियन, सीलबंद बॉल जॉइंट. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो मोटारीत विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आले. आज आपल्याकडच्या छोट्या गाड्यांतही तेच असते.

१६/ येथे एक युग पालटले. सीलबंद सांध्याला निपल नसतो. ग्रीसिंगचे व्रत संपले. पण रबरी आवरण फाटले की पाणी आणि धूळ आत शिरतेच, आणि मग तो सांधा बदलण्यावाचून गत्यंतर नसते. दुरुस्तीची जागा बदलीने घेतली. यात सोय आहे; धोका असा की दोष न शोधताच महागडा रॅक किंवा अख्खा स्टिअरिंग कॉलम बदलला जातो.

१७/ कारण आजही अडखळण्याची कारणे पुष्कळदा लहानच असतात. टायरमध्ये कमी हवा. कॉलम आणि रॅक यांमधल्या दांड्याचा गंजलेला युनिव्हर्सल जॉइंट; हा एकाच फेरीत कुठे हलका, कुठे जड लागतो. पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या माथ्यावरचे बेअरिंग. हे अडले की वळताना स्प्रिंग कटकन आवाज करते. जुन्या मिस्त्रीची ‘एकेक सोडवून पाहा’ ही पद्धत येथेही तितकीच लागू आहे.

१८/ दोन सावधगिरीच्या गोष्टी. गंजलेल्या जॉइंटवर तेल फवारून स्टिअरिंग सुटले, तर दोष सापडला. तो बरा झाला असे नव्हे. आणि स्टिअरिंगचा भाग गॅसने तापवून सरळ करणे किंवा वेल्डिंगने जोडणे टाळावे. तापवल्याने पोलादाची मजबुती जाते आणि असा भाग पूर्वसूचना न देता तुटू शकतो. टाय-रॉड किंवा रॅक उघडल्यावर अलाइनमेंटही करून घ्यावे.

१९/ पुन्हा गांधीबागेत येऊ. वर्धा रोडवर दोष का कळला नाही? धावत्या चाकाला वळायला जोर कमी लागतो, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग फिरते तरी किती! गल्लीत जवळजवळ उभ्या गाडीचा टायर रस्त्यावर घासून वळवावा लागतो आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे लागते. तेव्हा प्रत्येक सांधा आपली साक्ष देतो. आपल्या घरी कोणी फियाट, अॅम्बेसिडर किंवा जीप चालवली असेल, तर ग्रीसिंगच्या दिवसाविषयी त्यांना अवश्य विचारा. ती आठवण कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही.